शाळेच्या फाटकाआतला निसर्ग: वाचकांचे प्रश्न

पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गाबाहेर कसे शिकवावे, याबद्दल गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सहलींबद्दल विचारणारी बरीच होती. ती बाजूला ठेवली आहेत. सहल वर्षातून एकदा होते आणि तिचा निम्मा वेळ गाडीत आणि डबे उघडण्यात जातो. दर आठवड्याला ४० मिनिटे, तीच जागा आणि मोजायला एखादी गोष्ट, एवढ्यातून मुलांच्या पदरात जास्त पडते असे आमचे मत आहे. म्हणून शाळेच्या फाटकाआतलेच प्रश्न इथे घेतले आहेत.

आमची द्विशिक्षकी शाळा आहे. चारही वर्गांची ३४ मुले मी एकटी बाहेर नेते तेव्हा दहा मिनिटांत पांगापांग होते. कोणी काही पाहिले असे वाटतच नाही. सुरुवात कशी करू?
– शिक्षिका, अकोले तालुका

'चला, निसर्ग बघू' असे म्हटल्यावर नेमके काय बघायचे आणि कुठपर्यंत जायचे, हे मुलांना कळत नाही. म्हणून ती पांगतात. आधी जागा लहान करा.

नायलॉनची बारीक दोरी घ्या. २१० सेंमीचा तुकडा कापा, दोन्ही टोकांना ५ सेंमी गाठीसाठी सोडा आणि मधल्या २ मीटरवर दर ५० सेंमीला एक गाठ मारा. टोके बांधली की ५० सेंमी बाजूची चौकट तयार. सुतळी वापरू नका. भिजली की ती आखडते आणि चौकट लहान होते. चार-चार मुलांचे गट केले तर तुम्हाला आठ चौकटी लागतील (दोन गटांत पाच मुले), म्हणजे साधारण १७ मीटर दोरी. कोपऱ्यांवर खिळे ठोकू नका, अनवाणी मुले असतात. गोटे ठेवले तरी पुरते.

प्रत्येक गटात शक्यतो चारही इयत्तांचे एकेक मूल घ्या. पहिलीचे शोधेल, दुसरीचे मोठ्याने मोजेल, तिसरीचे चित्र काढेल, चौथीचे लिहील. ही कामे चार आठवडे बदलू नका. दर वेळी बदलली तर पहिली दहा मिनिटे 'आज मी लिहिणार' यातच जातात. पाचवे मूल असेल त्या गटात त्याला वेळ आणि वस्तू सांभाळायला द्या.

मैदानावर फक्कीने हद्द आखा. परत बोलावण्याची खूण एकच ठेवा: थाळीचे तीन ठोके. पहिल्या दिवशी दुसरे काहीच शिकवू नका. बाहेर जायचे, थाळी वाजली की आपल्या चौकटीपाशी हात वर करून उभे राहायचे, एवढेच दोन-तीनदा करून घ्या. हा तास वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचे सगळे तास त्यावरच चालतात.

वेळेची वाटणी अशी: ५ मिनिटे वर्गात प्रश्न समजून घ्यायला, २० मिनिटे बाहेर, १५ मिनिटे परत वर्गात नोंदीसाठी. शेवटची पंधरा मिनिटे कापली जातात आणि तिथेच घोटाळा होतो. लिहून ठेवले नाही तर पुढच्या आठवड्यात तुलना कशाशी करणार?

पहिला प्रश्न मोजून उत्तर देता येईल असा हवा. 'काय काय दिसते?' असे विचारले तर 'गवत' एवढे एकच उत्तर येते. 'किती प्रकारची पाने आहेत?' असे विचारले तर मुले गुडघ्यांवर बसतात. नावे माहीत नसली तरी अडत नाही. 'केसाळ पान', 'तीन बोटांचे पान' अशी नावे मुलांनीच द्यावीत. खरी नावे घरच्या मोठ्यांना विचारून आणू देत. ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही केली असेल तर गावातल्या वनस्पतींची स्थानिक नावे तिच्यातही मिळतात. जुलैमध्ये टाकळा, आघाडा, कुर्डू, दुर्वा, लाजाळू यांतले दोन-तीन तरी बहुतेक आवारांत सापडतातच.

चौकट कुठे टाकायची हे तुम्ही ठरवा. मुलांवर सोडले तर सगळ्या चौकटी फुलांवर जातात. चार उन्हात आणि चार झाडाखाली टाकल्या की 'सावलीत कमी का?' हा प्रश्न मुलेच विचारतात. जागेवर गेरूने रंगवलेला दगड ठेवा, दर आठवड्याला चौकट तिथेच पडली पाहिजे.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, मुले रोपे उपटून दाखवायला आणतात आणि दुसऱ्या आठवड्यात चौकट बोडकी होते. बोट लावायचे, उपटायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. दुसरी, पावसात वह्या भिजतात. परीक्षेच्या पॅडवर सुटा कागद, वर प्लास्टिकची पिशवी आणि पेन्सिल असे द्या. शाई पसरते.

मुलीच्या शाळेत मातीच नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट. अशा शाळेने काय करावे?
– पालक, ठाणे

सिमेंटवर काही प्रयोग मातीपेक्षा चांगले होतात. पावसाची उघडीप मिळाली की डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारा. दर अर्ध्या तासाने नवी रेघ. दुपारपर्यंत एकात एक अशा चार-पाच रेघा होतात आणि त्यांच्यामधले अंतर मोजता येते. 'पाणी कुठे गेले?' याला 'जमिनीने पिले' असे उत्तर हमखास येईल. ते खोडून काढू नका, तपासा: स्टीलच्या दोन सारख्या ताटल्यांत १००-१०० मिली पाणी घालून एक उन्हात, एक सावलीत ठेवा. ताटली पाणी पीत नाही. हा प्रयोग सलग सिमेंटवर करा. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी खरोखरच खाली जाते, त्यामुळे तिथे दोन कारणे एकत्र होतात आणि मुले गोंधळतात.

आवारभिंत पाहा. पावसाळ्यात ती चारही बाजूंनी हिरवी होते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे तोंड केलेली बाजू जास्त दिवस हिरवी राहते, कारण तोवर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दर शुक्रवारी एकाच ठिकाणी पट्टी लावून हिरवा पट्टा किती उंच आहे ते मोजायचे. फटीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर बी तिथे पक्ष्याच्या विष्ठेतून आले असणार. मग सर्वांत जवळचे पिंपळाचे झाड कुठे आहे, हा शोध शाळा सुटल्यावरचा.

मुंग्यांची रांगही चालेल. रांगेपासून एका हातावर तीन कागदी चौकोन ठेवा: एकावर चिमूटभर साखर, एकावर रवा, एकावर खोबऱ्याचा कीस. कुठे आधी आणि किती मुंग्या येतात ते दर पाच मिनिटांनी मोजा. दुपारी तापलेल्या सिमेंटवर मुंग्या फिरकत नाहीत, सकाळी दहाच्या आत करा. लाल चावऱ्या मुंग्यांची रांग टाळा.

दुपारी १२ वाजता सावली सर्वांत लहान असते असे मुलांना सांगितले आणि काठी रोवून मोजायला लावले. १२ नंतरही ती लहान होतच गेली. चूक कुठे?
– शिक्षक, पुणे जिल्हा

मुलांचे मोजमाप बरोबर आहे. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. पुणे साधारण ७३.८५ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर सूर्य पुण्यात डोक्याच्या रेषेवर सुमारे ३५ मिनिटे उशिरा येतो. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून वर्षभर ही वेळ मागेपुढे सरकते. पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली साधारण १२:१८ ला सर्वांत लहान होते, फेब्रुवारीच्या मध्यास १२:४९ ला. मुंबईत याहून सुमारे चार मिनिटे उशिरा. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजायच्या आतच येते.

काठी जमिनीच्या वर बरोबर १ मीटर ठेवा. ओळंब्याने उभी आहे का ते दोन बाजूंनी पाहा. थोडी कलली तरी दुपारच्या छोट्या सावलीत मोठी चूक येते. सिमेंटवर काठी रंगाच्या रिकाम्या डब्यात खडी भरून उभी करा आणि उंची डब्याच्या तळापासून धरा. टोकाला कागदी गोळी चिकटवली तर सावलीचे टोक स्पष्ट दिसते.

सर्वांत लहान सावलीची वेळ पकडणे मुलांना अवघड जाते, कारण त्या सुमारास लांबी फार हळू बदलते. शिवाय तीच शालेय पोषण आहाराची वेळ. त्यापेक्षा आपल्याकडची जुनी शंकूची रीत सोपी. सकाळी ११ च्या सुमारास सावलीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काठीभोवती काढा. सावली आत शिरते आणि दुपारनंतर पुन्हा त्या वर्तुळाला टेकते. टेकण्याचे दोन्ही बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. काठीपासून तिच्या मध्यबिंदूपर्यंत ओढलेली रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण.

वर्षात तीन-चार वेळा मोजा. पुण्यात २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला १ मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंमी उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यास ती नाहीशी होते (शून्य सावली), पण तेव्हा सुट्टी असते. २१ जूनला ढगांनी कृपा केली तर जेमतेम ८-९ सेंमी सावली चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसेल.

कोल्ड्रिंकच्या बाटलीचे पर्जन्यमापक केले. आमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी कधीच जुळत नाही. मुले विचारतात, खरे कोणाचे?
– शिक्षिका, संगमेश्वर तालुका

बहुधा दोघांचेही. पावसाळी सर दोन-चार किलोमीटरमध्ये बदलते. वाडीवर कोसळतो आणि तालुक्याच्या गावी ऊन असते. तरीही तुमचे मापक आधी तपासून घ्या.

दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली हवी. मध्ये कंबर असलेली चालत नाही. अंग सरळ सुरू होते तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कडेला चिकटपट्टी लावा. तळाला खोलगट बोटे असतात, त्यामुळे खालचे काही सेंमी मोजायला निरुपयोगी. तिथे बारीक गोटे भरा, वर पाणी घाला आणि सरळ भाग सुरू होतो तिथे शून्याची रेघ मारा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. नोंद झाली की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओता आणि कमी झाले असेल तर भरा. हे रोजचे शून्य चुकते म्हणूनच बहुतेक आकडे चुकतात.

पट्टीवर भरवसा नसेल तर आकारमान मोजा. तोंड १० सेंमी व्यासाचे असेल तर १ मिमी पाऊस म्हणजे ७.८५ मिली पाणी. १०० मिली जमले तर १२.७ मिमी. औषधाचे माप किंवा सुई नसलेली १० मिलीची सिरिंज पुरते. तुमच्या बाटलीचे तोंड वेगळे असेल तर चौथीच्या मुलांनी व्यास मोजावा आणि गणित तुम्ही करून द्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्यांना पुढे यायचे आहे.

जागा उघडी हवी. जवळची भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. वळचणीखाली तर नकोच. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर असावे, नाहीतर उडालेले शिंतोडे आत जातात. भोवती चार विटा लावा. बाटली वाऱ्याने कमी आणि शेळ्यांनी जास्त पडते.

आता वेळ. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा असतो. तुम्ही शाळा भरल्यावर अकराला वाचत असाल तर सकाळच्या सरी वेगळ्या तारखेत जातात. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना ८:३० ची पाळी द्या. रविवारी कोणी वाचले नाही तर सोमवारच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा' असे लिहा. निम्मे-निम्मे करून दोन रकान्यांत टाकणे म्हणजे खोटी नोंद. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी किंवा जास्त झाला तर तो पावसाचा दिवस, ६४.५ मिमीपासून पुढे जोरदार पाऊस आणि २०४.४ मिमीच्या वर अत्यंत जोरदार. तुमच्या भागात असा दिवस उगवतो, आणि या बाटलीत साधारण तेवढाच मावतो. त्या दिवशी दुपारीही वाचून बाटली रिकामी करा आणि दोन्ही आकडे मिळवा. सलग सुट्टीत मापक उपडे ठेवा, डास होतात.

वर्गात डब्यात फुलपाखराची अळी ठेवतो. दर वेळी मरते. मुले हिरमुसतात.
– शिक्षक, चंद्रपूर जिल्हा

तीन कारणे नेहमीची. पहिले, फवारलेली पाने. बाजारातला कढीपत्ता अळीला घालू नका, औषधाचा अंश राहिलेला असू शकतो. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पाने आणा. लिंबू, कढीपत्ता किंवा बेलावरची अळी रुईची पाने खाणार नाही आणि रुईवरची लिंबाची खाणार नाही. भाजीतली पाने घालून पाहणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे.

दुसरे, ओल. झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात ओली पाने आणि विष्ठा साचली की बुरशी येते. डबा मोठा घ्या, तोंडावर मच्छरदाणीचे कापड बांधा, तळाला वर्तमानपत्र घालून रोज सकाळी बदला. पाने धुतली तर कोरडी करूनच घाला. अळीला वेगळे पाणी लागत नाही. डहाळी ताजी राहावी म्हणून पाण्याच्या बाटलीत ठेवलीत तर बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, अळ्या त्यात पडून बुडतात. पान बदलताना अळी ओढू नका. जुन्या पानासकट नव्या पानावर ठेवा, ती स्वतः सरकते.

तिसरे कारण आपल्या हातात नाही: परजीवी माश्या आणि गांधीलमाशीसारखे बारीक कीटक अळीत आधीच अंडी घालून गेलेले असतात. मोठ्या अळ्यांपेक्षा अंडी किंवा अगदी लहान अळ्या आणल्या तर हे कमी होते. लिंबावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवी होते आणि छेडले की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. तरीही एखादी दगावेल. ती का दगावली हे मुलांना सांगा, लपवू नका.

आणि काही वेळा अळी मेलेली नसतेच. कोषात जाण्याआधी ती खाणे सोडते, पातळ विष्ठा करते आणि डबाभर भटकते. तेव्हा तिला हात लावू नका. डब्यात एक तिरपी काटकी आधीच ठेवा. कोषातून निघालेल्या फुलपाखराला उलटे लटकून पंख पसरायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. बाहेर पडताना ते तांबूस थेंब टाकते. ते रक्त नाही. काही तासांत पंख वाळले की त्याच दिवशी सोडा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन ते पाच आठवडे धरा आणि मध्ये दिवाळीची सुट्टी येणार नाही असे पाहा.

पावसाळ्यात साप, विंचू, अंगाला खाज आणणाऱ्या वनस्पती. मुलांना बाहेर न्यायला मुख्याध्यापक तयार नाहीत.
– शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा

त्यांची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर तयारीने द्यावे लागते. बाहेर जायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः जागा पायी फिरून या. गुडघ्याएवढे गवत असेल तर ती जागा रद्द. बसायच्या जागेवरचे गवत कापलेले हवे. पायांत बूट, निदान मागे पट्टा असलेली सँडल.

दगड फक्त शिक्षकाने उलटायचा, तोही काठीने आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलून. असे केले की दगड तुमच्या आणि आतल्या प्राण्याच्या मध्ये ढालीसारखा राहतो आणि जे काही असेल ते पलीकडे पळते. तुमच्या भागातले फुरसे दगडांखालीच असते. पाहून झाले की दगड होता तसा ठेवा, खालच्या जीवांचे ते घर आहे.

साप चावला तर मुलाला धावू देऊ नका, आडवे करा, चावलेला अवयव हलू देऊ नका. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काहीही करायचे नाही. १०८ ला फोन करा. सर्पविषावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, हे जूनमध्येच विचारून वर्गात लिहून लावा. विंचू चावला तरी लहान मुलाला घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्या. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाचा हृदयावर परिणाम होतो, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलेला प्राझोसिन या औषधाचा उपचार वेळेत मिळाला तर बहुतेक वेळा मूल वाचते.

मात्र मुलांना त्रास होतो तो जास्त करून वनस्पतींमुळे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, एकाने खाल्ल्या की सगळे खातात आणि उलट्या सुरू होतात. कुंपणाला ती झुडपे असतील तर मुलांना आधीच ओळखायला शिकवा. गुंज, धोतरा, कण्हेर, एरंड यांच्याबाबतही तेच. कोणी खाल्लेच तर बियांचा नमुना घेऊनच डॉक्टरांकडे जा. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. खाजकुइलीच्या शेंगा किंवा शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांचे केस लागले तर चोळायचे नाही. चिकटपट्टी लावून उचलायचे, मग साबण-पाण्याने धुवायचे. आग्या मोहोळ असलेल्या झाडाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आसपास वर्ग नेऊ नका.

विजांचा नियम सोपा ठेवा. गडगडाट ऐकू आला की आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर नाही. झाडाखाली थांबायचे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप शिक्षकांच्या मोबाइलमध्ये असावे.

प्रत्येक गटाला एक झाड 'दत्तक' द्यायचे आहे. कोणते निवडावे?
– शिक्षक, नाशिक

शाळेच्या दिवसांत ज्याच्यात बदल दिसतो ते. बहावा, गुलमोहर सुंदर, पण त्यांचा बहर बराचसा सुट्टीत जातो. काटेसावर उत्तम: डिसेंबर-जानेवारीत पाने गळतात, फेब्रुवारीत लाल फुले, एप्रिलमध्ये कापूस. पळस आणि करंजही चालतील.

पण हाताशी आंबा असेल तर आम्ही आंबाच घेऊ. मोहोर आला की हात पोचेल अशा पाच तुऱ्यांना वेगवेगळ्या रंगांची लोकर बांधा. दर सोमवारी प्रत्येक तुऱ्यावर किती कणी, किती कैऱ्या उरल्या ते मोजा. शेकडो फुलांतून अखेर एखाद-दुसरी कैरी टिकते आणि कधी एकही नाही. गळतीचा हा तक्ता भरताना वजाबाकी आपोआप होते. धुके पडले, पाऊस झाला, तुडतुडे दिसले त्या आठवड्यापुढे तसे लिहा. तोडलेल्या कैऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा, तो लागतोच.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. तिथे गेरूची खूण करा, खिळा मारू नका. सुतळीने मोजू नका, शिंप्याची टेप वापरा. वर्षाची वाढ एखाद-दोन सेंमी असू शकते आणि तेवढी चूक सुतळी ताणण्यातच होते. उंचीसाठी चौकोनी कागद कर्णावर दुमडा, एक लहान बाजू आडवी धरून तिरप्या बाजूवरून शेंडा दिसेपर्यंत मागे जा. खोडापर्यंतचे अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. सपाट जमिनीवरच हे जमते.

'मुलांना उन्हात फिरवता, अभ्यास कधी?' असे पालक विचारतात.
– मुख्याध्यापक, जालना जिल्हा

त्यांना वही दाखवा. दर तासाला तीन वाक्ये: काय दिसले, किती मोजले, काय कळले नाही. चार चौकटी जुळवल्या की एक चौरस मीटर होतो, तेव्हा एका चौकटीतल्या रोपांवरून मैदानाचा अंदाज काढणे म्हणजे गुणाकार. खरखरीत, लुसलुशीत, चिवट, दातेरी हे शब्द पाने हाताळताना येतात, शब्दार्थ पाठ करून येत नाहीत. तिसरीपासूनच्या परिसर अभ्यासातले पाणी, माती, ऋतू, दिशा हे घटक यात बसतात. कोणता तास कोणत्या घटकासाठी, हे नियोजनाच्या वहीत आधीच लिहा. राज्यात सुरू झालेल्या 'आनंददायी शनिवार'मध्येही हा तास बसवता येईल.

यात नवे काही नाही, हेही सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा चालली.

उन्हाचा मुद्दा मात्र पालकांचा बरोबर आहे. तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाहेरचा तास सकाळी साडेनऊच्या आत संपवा.

वर्गात एका मुलाला दिसत नाही, एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर आहे. त्यांना बसवून ठेवावे लागते.
– शिक्षिका, सोलापूर

वर्गाच्या दारापासून झाडापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधा आणि थांबायच्या जागी गाठ मारा. पेरूची गुळगुळीत साल, बाभळीची भेगाळलेली, चुरगळलेल्या कढीपत्त्याचा, तुळशीचा, निलगिरीचा वास यांत तो मुलगा बाकीच्यांच्या पुढे जाईल. डोळे मिटून हा तास सगळ्यांचाच घ्या. मुलीसाठी चौकट जमिनीवरून टेबलावर आणा: ५० सेंमी बाजूच्या, १५ सेंमी खोल लाकडी खोक्यात आवारातलीच माती भरून जूनमध्ये उघड्यावर ठेवा. तण आपसूक उगवते. खोक्याच्या तळाला पाण्यासाठी भोके पाडा, नाहीतर जुलैत चिखल होतो.

मुले घरटी, पिसे, दगड गोळा करून आणतात. संग्रह करावा का?
– पालक, कोल्हापूर

गळलेली पाने, बिया, दगड जरूर. घरटी नकोत: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे शिकारीत मोडते, आणि रिकामे वाटणारे घरटे रिकामे असतेच असे नाही. चित्र काढून आणू द्या. बिया डब्यात भरण्याआधी दोन दिवस उन्हात वाळवा आणि सोबत कडुनिंबाची सुकी पाने टाका. तरी महिन्यातून एकदा डबा उघडून पाहा, सोंडकिडा लागला असेल तर तेवढा डबा वेगळा काढा.